पोफळींच्या जागचं आकाश

पोफळींच्या वाडीत आकाश दिसत नाही. लग्न होऊन दिवेआगरला आले तेव्हापासून वर पाहिलं की नुसत्या झावळ्या. मग ते वादळ आलं आणि एका दुपारी विहिरीपलीकडची निम्मी वाडी आडवी झाली. माझ्या सासऱ्यांनी, म्हणजे भाऊंनी, आयुष्यभर शिंपून वाढवलेली झाडं करवतीने कापून बाहेर काढावी लागली. मी मात्र त्या हिवाळ्यात दिवेलागणीनंतर तिथे उभी राहिले आणि वर बघतच राहिले.

आमच्या चार खोल्या आम्ही पाहुण्यांना देतो. म्हटलं, समुद्र काय, सगळ्यांकडेच आहे; आपण तारे दाखवू. मोबाइलवर ॲप घेतलं, वाचनालयातून दोन पुस्तकं आणली आणि दूध उतू घालवत नक्षत्रं पाठ केली. जेवणाआधी मोकळ्या जागेत चटया टाकायच्या, दिवे बंद करायचे आणि सुरू. तो बघा मृग. प्रजापती हरणाचं रूप घेऊन स्वतःच्याच लेकीमागे, रोहिणीमागे धावला, तेव्हा व्याधाने बाण सोडला. हरणाच्या पोटातले ते तीन तारे म्हणजे तो बाण. पाहुणे माना वर करून गप्प ऐकायचे आणि मला भलताच भाव चढायचा.

भाऊ मागच्या पायरीवर बसून ऐकायचे. त्यांनी विहिरीमागे पिशव्यांत सुपारीची पंचवीसेक रोपं केली होती. आधी सावलीला केळी लावायच्या, मग मृगात रोपं, असा त्यांचा बेत होता. पोफळी वाढल्या की माझं आकाश गेलं. मी नवऱ्याला पुढे केलं, एवढं वर्ष थांबा म्हणावं त्यांना. भाऊ थांबले.

पुढच्या जूनमध्ये ते स्वतः स्वयंपाकघराच्या दारात आले. ज्याने वाडी उभी केली त्याने सुनेची परवानगी मागायची, मला तेव्हाच लाज वाटायला हवी होती.

"सूनबाई, मृग लागला गो. रोपं लावून टाकू का?"

आणि मी दीडशहाणी काय म्हणाले? "भाऊ, मृग आत्ता दिसतसुद्धा नाही. या दिवसांत सूर्य तिथेच असतो ना."

"असेल बाई," ते म्हणाले. "आम्ही काही वर बघून लावत नाही." आणि ते पिशव्यांना पाणी घालायला गेले.

त्याच वर्षी हिवाळ्यात एक पाहुणी म्हणाली, इतकी मोकळी जागा मिळाली, नशीबवान आहात. मी हसून म्हणाले, "वादळाने आमचं भलंच केलं म्हणायचं." म्हणाले आणि जीभ चावली. पायरीवर कोण आहे ते अंधारात दिसेना. दिवा लावला तर भाऊ तिथेच होते, अडकित्ता हातात. "ताटं घ्या आता, पाहुण्यांना भूक लागली असेल," एवढंच म्हणाले. दुसऱ्या दिवसापासून ते तिथे बसायला आले नाहीत. माझं चुकलं, हे त्यांना सांगायला मला फार तर दहा पावलं चालायचं होतं. मी ती चालले नाही, आज सांगू, उद्या सांगू करत राहिले.

चैत्रात भाऊ गेले. चार दिवसांचा ताप, बस्स.

जूनमध्ये मी रोपं उचलायला विहिरीमागे गेले. इतकी वर्षं तिथेच ठेवल्याने मुळं पिशव्या फाडून खालच्या जमिनीत शिरली होती. ओढलं की तुटत. किती खोल खणायचं, दोन रोपांत किती अंतर, केळ कुठल्या अंगाला, मला काही म्हणजे काही ठाऊक नव्हतं. तारे सगळे पाठ होते. शेजारच्या काकांनी उभं राहून लावून घेतली. अकरा जगली. बैल गेला नि झोपा केला, दुसरं काय!

आता हिवाळ्यात फोन येतात. "तुमच्याकडे तारे दाखवतात ना?"

"नाही हो," मी सांगते, "आमच्या वाडीत आकाश दिसत नाही."

धडधडीत खोटं. रोपं अजून माझ्या कमरेला लागत नाहीत, वर सगळं उघडं पडलंय. मलाच ते बघवत नाही.