मिस गॅडस्बींचा हापसा

आमच्या गल्लीला पिण्याचं पाणी मिळायचं ते एकाच ठिकाणी, मिस हेस्टर गॅडस्बींच्या अंगणातल्या हापशावर. गावात आणखी दोन विहिरी होत्या, पण एकीचं पाणी गढूळ आणि दुसरी पार टेकडीखाली. त्यामुळे सकाळ-संध्याकाळ आम्ही अकरा घरं बादल्या घेऊन त्यांच्या फाटकात हजर. बाईंची अट एकच होती. दांड्याला हात लावायच्या आधी एक बातमी सांगायची.

"बातमी?" त्या स्वयंपाकघराच्या दारातूनच विचारायच्या.

"ऑल्सपकाकांची डुकरीण व्याली. नऊ पिल्लं."

"शिळी झाली ती. तुझ्याआधी तिघांनी सांगितली. ताजं काही असेल तर बोल आयव्ही, नाहीतर जा रिकामी."

मग मी घरातलं भांडण सांगून मोकळी व्हायचे. आईच्या कानावर गेलं की ती करवादायची, "कार्टे, घरातलं सगळं चव्हाट्यावर मांडून येतेस का गं?" पण दुसऱ्या दिवशी तीच हापशावर उभी राहून पोस्टातल्या बाईच्या नव्या टोपीबद्दल तिखटमीठ लावून सांगत असायची.

बाई तेव्हा पन्नाशीच्या असतील. अंथरुणाला खिळलेल्या वडिलांचं त्यांनी चौदा वर्षं केलं. ते गेल्यावर घरात त्या आणि एक भिंतीवरचं घड्याळ उरलं. आमच्या गावात कामाशिवाय कुणी कुणाच्या दारात पाऊल टाकत नाही. वाटीभर साखर मागायचं तरी निमित्त लागतं. रविवारी चर्चबाहेर सगळे भेटतात, पण तिथलं बोलणं 'थंडी फार आहे नाही', 'हो ना, फार आहे' एवढ्यावर आटोपतं. लोक याला सभ्यपणा म्हणतात. मी त्याला वेगळं नाव दिलं असतं, पण मीही तशीच वागले, तेव्हा बोलायला मला तोंड नाही.

मी नऊ वर्षांची असताना जिल्हा कौन्सिलचा माणूस नकाशा घेऊन आला. गावात नळ येणार होते. पाइप आणायचा तर एका बाजूला चर्चची दफनभूमी, दुसऱ्या बाजूला ओढा, मधे फक्त बाईंची प्लमची बाग. त्यांची सही मिळाली की खोदाई सुरू. बाईंनी सही केली नाही. झाडांची मुळं तुटतील, म्हणाल्या. असं वर्ष गेलं.

गाव चिडलं. एका सकाळी बर्ट ऑल्सप, आमचा खाटीक, भरल्या अंगणात सगळ्यांसमोर म्हणाला, "हेस्टर, तुझ्या त्या प्लमना दर वर्षी कीड लागते. त्यांच्यापायी अख्खं गाव तहानेलं ठेवणार का तू?"

"तहानेलं? बर्ट, तुझी बादली वाहून चाललीय. आधी हात थांबव."

सगळे हसले, बर्टसुद्धा. पण तो गेल्यावर बाई माझ्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या आणि हळूच म्हणाल्या, "झाडं गेली खड्ड्यात. नळ आल्यावर या फाटकातून कोण येणार, सांग बरं."

मी बादली भरली आणि घरी आले.

त्याच हिवाळ्यात आई बाईंच्या फाटकातच पडली. दोन भरलेल्या बादल्या हातात, पायाखाली गोठलेली फरशी, आणि पोटात सहा महिन्यांचा माझा भाऊ. बाई बूट न घालताच धावत आल्या. नुसते मोजे घालून बर्फात बसल्या आणि आईचं डोकं मांडीवर घेऊन, "हलू नकोस डॉरिस, अजिबात हलू नकोस," एवढंच पुनःपुन्हा म्हणत राहिल्या. बाळ वाचलं. मनगट मोडलं. पुढचे सहा आठवडे बाईंनी स्वतः आमच्या घरी पाणी पोचवलं आणि एकदाही बातमी मागितली नाही.

पहिल्याच आठवड्यात बादली ठेवता ठेवता त्या म्हणाल्या, "केली सही."

आई उठून बसली. "आणि तुमची झाडं?"

"झाडं काय, पुन्हा लावता येतात."

"आम्ही येत राहू हं तुमच्याकडे. चहाला. रोज येऊ," आई म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि तिला ते मनापासून वाटत होतं, हे मी शपथेवर सांगेन.

उन्हाळ्यात नळ आला. पहिल्या दिवशी आम्ही तो उघडत होतो, बंद करत होतो, परत उघडत होतो. आई दोनदा बाईंकडे चहाला गेली. तिसऱ्यांदा बाळाला ताप होता. नंतर कपडे धुवायचे होते, नंतर बटाटे काढायचे होते. बाकीच्यांनी तर तेवढंही केलं नाही. चांगलीच माणसं होती सगळी. बाई रस्त्यात भेटल्या की थांबून हवेपाण्याबद्दल बोलायची. बाई मात्र अंगणातली फरशी रोज घासायच्या. शाळेत जाताना मला ब्रशचा आवाज यायचा आणि मी चालण्याचा वेग वाढवायचे.

दोन वर्षांनी फेब्रुवारीत अशी थंडी पडली की जमिनीतले पाइप गोठले. काही फुटले. नळाच्या तोंडाला बर्फाची काडी लटकायला लागली. बाईंनी मात्र हापशाला पेंढा आणि वडिलांचा जुना ओव्हरकोट गुंडाळून ठेवला होता. सकाळी सात वाजता अख्खी गल्ली त्यांच्या अंगणात.

"रांगेत या! बर्ट, तू मागे. दोन वर्षांची थकबाकी आहे तुझी, निदान दहा बातम्या लागतील!"

बर्टने दहा सांगितल्या. त्यातल्या चार सरळसरळ थापा होत्या. बाईंनी त्या ओळखल्या आणि तरी चालवून घेतल्या. नऊ दिवस हे चाललं. कुणी केक आणला, कुणी सरपण. लोक भरलेली बादली खाली ठेवून अर्धा अर्धा तास बोलत उभे राहायचे. बाईंना मी त्या नऊ दिवसांत जेवढं हसताना पाहिलं तेवढं आधी कधी पाहिलं नव्हतं.

दहाव्या दिवशी बर्फ वितळलं. दुपारी आमच्या नळातून आधी गंजलेलं आणि मग स्वच्छ पाणी आलं. आई हसत टाळ्या वाजवायला लागली. मी बारा वर्षांची होते, पण मला अंगणातली ती रांग आठवली. मी रिकामी बादली उचलली आणि गेले.

अंगणात कुणी नव्हतं. बाई ओव्हरकोट झटकत होत्या.

"तुमच्याकडे आलं नाही अजून पाणी?"

"नाही," मी म्हटलं.

भिंतीपलीकडे ऑल्सपकाका नळीने दुकानाची फरशी धूत होते. त्या पाण्याचा आवाज आम्हा दोघींना ऐकू येत होता. बाई माझ्याकडे पाहत राहिल्या. मग त्यांनी स्वतः दांडा हलवला आणि बादली अर्धीच भरली, मला जड होऊ नये म्हणून. बातमी विचारलीच नाही.

"उद्यासुद्धा असंच खोटं बोलायला ये हं," त्या म्हणाल्या.

"येते," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी मैत्रिणी बोलवायला आल्या. तळ्यावर शेवटचं बर्फ उरलं होतं, घसरायला जायचं होतं. त्याच्या दुसऱ्या दिवशीही मी गेले नाही. मग आठवडा झाला, आणि आता कुठल्या तोंडाने जायचं म्हणून राहिलंच. मिस गॅडस्बी त्यानंतर अकरा वर्षं जगल्या. आमच्या दारापासून त्यांचं फाटक ऐंशी पावलांवर होतं.