हळदीची वाटी
स्पिरिटचा वास आला की पाटसच्या शाळेतली करोनाच्या लसीची रांग आठवते. सुईला मी घाबरते म्हणून चुलत सासूबाईंनी माझा हात घट्ट धरला होता. पुढं महिन्याभरात माझ्या बोटांवर पांढरे डाग उठले. दौंडचे डॉक्टर म्हणाले, "लसीनंतर क्वचित कोड उठतं, पण लसीमुळंच झालं असं सांगता येत नाही. कोड एकाचं दुसऱ्याला मात्र होत नाही." दिराच्या हळदीला पाच सवाष्णींत बसून मी वाटीत बोटं बुडवणार, तेवढ्यात त्याच सासूबाई हळूच म्हणाल्या, "तू ऱ्हाऊ दे, फोटो काढ." मी उठून फोटो काढले. आज लेकीला लस देताना नर्सबाई म्हणाल्या, "हिचा हात धरा कुणीतरी." मी आजूबाजूला पाहिलं. मग मीच धरला.