शिफारशींचं प्रकरण

शुभदाची पदवी एका प्रकल्पावर अडली होती. ‘बिझनेस अँड टेक्नॉलॉजी मॅनेजमेंट’ असं लांबलचक नाव असलेल्या त्या कोर्सला सोलापूरच्या शुक्रवार पेठेतल्या तिच्या गल्लीत आजवर कुणी गेलं नव्हतं. अकाउंट्स, स्टॅटिस्टिक्स, डेटाबेस, सगळे विषय सुटले होते. आता एखाद्या कंपनीत इंटर्नशिप करून तिथल्या कामावर अहवाल द्यायचा होता. वर्गातली बरीच मुलं पुण्याला गेली. तिची तिकडं राहायची सोय नव्हती, म्हणून तिच्या वडिलांनी, धर्मपालांनी, आपल्याच शेठना विचारलं.

धर्मपाल टॉवेलच्या कारखान्यात तरुणपणापासून माग चालवत होते. पहिल्या दिवशी ते इस्त्रीचा शर्ट घालून लेकीबरोबर निघाले. फाटकापासून भेटेल त्याला सांगत गेले, ही आमची पोरगी, आता ऑफिसात बसणार.

शुभदानं जीव ओतून काम केलं. कुठला माग किती वेळ बंद राहतो, वीज किती ओढतो, कुणाचा माल परत येतो, सगळं कॉम्प्युटरवर भरलं. दुपारी बापलेक एकाच डब्यात जेवत. काही आठवड्यांतच चित्र स्पष्ट झालं. मागच्या शेडमधले जुने माग तोट्यात होते, आणि धर्मपाल त्याच शेडमध्ये होते.

तिनं अहवालात नुसते तक्ते दिले. कॉलेजातल्या सरांनी तो परत केला. शेवटचं प्रकरण शिफारशींचं लागतं, त्यावर कंपनीची सही लागते, नाहीतर प्रकल्प धरला जात नाही, असं त्यांनी नीट समजावून सांगितलं. सर वाईट नव्हते. नियमच तसा होता.

घरी येऊन तिनं वडिलांना विचारलं, जुन्या शेडबद्दल खरं ते लिहू का.

“लिही की,” ते म्हणाले. “परीक्षेचं हाय ते. तेवढ्यानं कुटं माग बंद पडत्यात?”

जुने माग काढून मोजके स्वयंचलित माग घ्यावेत, असं तिनं लिहिलं.

शेठनी सहीआधी सगळा अहवाल वाचला. तिला बोलावून शंका विचारल्या. तिनं उत्तरं दिली, कारण उत्तरं तिला येत होती. ती पहिल्या वर्गात पास झाली. पावसाळा सरायच्या आत मागच्या शेडला कुलूप लागलं.

वडिलांना नव्या मागांवर घ्या, म्हणून ती शेठकडे गेली. त्यांनी तिला बसवलं, चहा मागवला. “चार मागांना एक माणूस पुरतो, हे तूच लिहिलंयस ना?” ते म्हणाले. त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता. नवी माणसं तरुण होती, शिकून आलेली होती.

तिच्या पदवीला साजेशी नोकरी सोलापुरात मिळेना. पुण्याला जायचं तर आता घर तिच्यावर होतं. ती एका कापडदुकानात बिलं करायला लागली. धर्मपाल ओळखीच्या कारखान्यांत विचारून आले. तिथंही जुने माग निघत होते. मग ते घरीच बसू लागले.

“पप्पा, एकदा रागवा तरी,” ती एका सकाळी म्हणाली.

“कशापायी? तू खोटं कुटं लिवलंस?”

ते खरंच रागावलेले नव्हते. ती एकटीचा डबा घेऊन दुकानाला निघाली.