देवीच्या हवाली केलेले फावडे

हे लिहिणे भाग पडले, कारण माझ्या संशयामुळे सडक अर्जुनीजवळच्या एका गावात माझ्या धाकट्या भावासाठी रडारड झाली. भाऊ वारल्याची खबर कोणालाच नाही. दोन वर्षांपूर्वी कामासाठी रायपूरकडे गेला, परतला नाही, एवढेच ठाऊक आहे.

त्याची बायको सुमन फोनवर म्हणाली, "बाई, यांचं फावडं देवीपाशी ठेवलं. देवीच पाहील आता." देवावर माझा विश्वास आहे, त्याच्या नावाने वस्तू ठेवून घेणाऱ्यांवर नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी निघाले.

नागपूरहून जाणाऱ्यांनी रायपूर रस्त्याची एसटी धरावी. गोंदियापर्यंत रेल्वेने जा, असे कोणी सुचवले तर ऐकू नका, उलटा फेरा पडतो. ढाब्यावर भजी मागवण्याआधी तेल बघा. पुढे ऑटो. "मॅडम, बस दो सवारी और," म्हणत ऑटोवाल्याने चार कोंबल्या.

पावसाने ओढ दिलेली, धान पोटरीत आलेले, त्यामुळे तलावाचे पाणी पाळीपाळीने शेतांना सोडणे चालू होते. बांधावर शेंदराची देवी, तिच्या पायाशी तीन फावडी. पाणी वाटणारे पाणकर डोमाजी तिथेच बसले होते.

"हे फावडे मागितले कोणी?"

"मांगते कोण? माणूस बाहेर गेला का फावडं इथं राहते. राहते तोवर त्याची पाळी चालते."

"आणि मग शेत तुमचे?"

"मले माह्याच शेताच्या बांध्या कसणं होत नाही, बाई!"

मला ते पटले नाही. भावाचे फावडे उचलले आणि चालू लागले. "बाई, उचलू नोका!" डोमाजी मागून ओरडले. मी वळलेही नाही.

वाटेत मला फावड्यासह पाहून, मी सुमनच्या घरी पोचेपर्यंत दोन म्हाताऱ्या रडत अंगणात शिरल्या होत्या. सुमन दारातून धावत आली. "बाई, खबर आली का? कायले सांगत नाही?"

फावडे दुसऱ्याने घरी आणले, म्हणजे माणूस गेला, आता येणार नाही, असे गाव समजते. हे मला तेव्हा कळले. "काही खबर नाही," मी चारदा सांगितले. सुमनने माझ्या हातातले फावडे काढून घेतले.

"कॉलेज शिकल्या तुमी, अन् एक डाव विचारलं नाही?"

"आमचं रडणं फुकट गेलं," एक म्हातारी नाक पुसत म्हणाली.

मी सुमनला विचारले, "तो येईल अशी खात्री आहे तुला?"

"नाही. म्हणून तं देवीले देलं. ते आहेत का नाही, हे माह्यानं रोज ठरवणं होत नाही."

आम्ही दोघी बांधावर परत गेलो, फावडे देवीपाशी ठेवले. तिच्या पाळीला पाणी सुटले. शेवटची बांधी भिजेपर्यंत मी तिथून हलले नाही.

नागपूरला परतून आठवडा झाला. सुमनइतका विश्वास माझ्यात अजूनही नाही. निघण्याआधी डोमाजींकडे मी फावड्याची पावती मागितलीच. ते हसून म्हणाले, "तुमीच लिहा, मी अंगठा देतो." लिहिले ते असे:

लाकडी दांड्याचे फावडे एक, पाते डावीकडे झिजलेले. देवीच्या हवाली. धनी बाहेरगावी. न्यायला तो स्वतः येईल.