दळणातलं सोयाबीन

वासिफ माजलगावात मळणी यंत्रं दुरुस्त करायचा. यंत्र बिघडलं की तो कुणाचं ऐकायचा नाही. स्वतःच्या बाबतीत मात्र जो भेटेल त्याचं त्याला पटायचं.

लग्नाला पाच वर्षं झाली तरी मूल नव्हतं. टायफॉइडमधून उठल्यावर त्यानं गुपचूप बीडला तपासणी केली. शुक्राणू कमी निघाले. "तापानं होतं असं, तीन महिन्यांनी परत या," डॉक्टर तेजश्री म्हणाल्या. एवढं ऐकून गप्प बसला असता तर! पण मोबाईलवर कुणी एक शहाणा छातीठोकपणे सांगत होता, की सोयाबीनमध्ये बायकांच्या हार्मोनसारखं काहीतरी असतं, ते खाऊन पुरुष बाद होतो. आणि त्याची बायको नाजिया तर दर दळणात मूठभर सोयाबीन टाकायची.

"तूच वाटोळं केलंस माझं," म्हणत त्यानं पिठाचा डबा अंगणात पालथा केला. त्याची आई जाहेदा निमित्तच शोधत होती. तिच्या टोमण्यांना कंटाळून नाजिया धारूरला माहेरी गेली, आणि जाहेदानं लेकासाठी दुसरी मुलगी बघायला घेतली.

इकडे जिमवाल्या चाँदनं उपाय काढला. "मर्दानी ताकदीची सुई हाय बे. कशाला घाबरतो?" दर आठवड्याला सुई सुरू झाली. दंड भरले, छाती फुगली. रोग रेड्याला अन् औषध पखालीला!

तीन महिन्यांनी वासिफ पुन्हा बीडला गेला. डॉक्टरांनी रिपोर्ट दोनदा वाचला.

"आता एकही शुक्राणू दिसत नाही."

"असं कसं, मॅडम? सोयाबीन तर मी कवाच सोडलं!"

"सोयाबीनचा काय संबंध? त्यातले घटक फार सौम्य असतात. रोजच्या जेवणातल्या सोयाबीननं पुरुषाचे शुक्राणू घटल्याचं अभ्यासांत दिसलेलं नाही. दुसरं काय घेता?"

त्यानं सुईचं सांगितलं.

डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. "अहो, ती सुई पुरुषी हार्मोनची असते. बाहेरून ते मिळालं की शरीर स्वतः शुक्राणू बनवायचं थांबवतं. तापाचं तर आपोआप भरून आलं असतं."

"परत येतील का?"

"बहुतेकांचे येतात. महिने लागतात, कधी वर्षही. पण शब्द देत नाही. ती सुई आता बंद, आणि पुढचे उपचार मला विचारून."

वासिफ घरी गेलाच नाही, थेट धारूरला गेला. नाजियाचे वडील मुबीन ओसरीवर बसले होते. जावयाचा चेहरा बघून ते उठू लागले.

"अब्बा, बसा तुमी," नाजिया म्हणाली. "काय ते तुमच्यासमोरच होऊ द्या."

त्यानं अडखळत सगळं सांगितलं. सासऱ्यासमोर हे बोलताना जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं त्याला झालं. नाजिया रडली नाही. "तुमच्या अम्मीला फोन लावा. स्पीकरवर."

"घरी गेल्यावर सांगतो ना."

"आत्ता."

फोन लागला. "बोल बेटा!" जाहेदाचा आवाज खुशीत होता. "नांदूरघाटची पोरगी लई चांगली हाय. उद्या जायचं ना बघायला?"

नाजियाची नजर वासिफवरून हलेना.

"जायचं न्हाई, अम्मी. नाजियाची काई चूक न्हाई. खोट माझ्यात हाय, आन् ती मीच करून घेतली."

जाहेदा दबक्या आवाजात म्हणाली, "हळू बोल. कुणी ऐकंल."

"ऐकू दे," वासिफ म्हणाला आणि तेच पुन्हा, मोठ्यानं बोलला.