नाव कोरलेली शेल

आमच्या कंपनीत मोबाइल गेटवरच जमा करावा लागतो, त्यामुळे सिदू गेल्याची बातमी मला फोनवर कळली नाही. ती समोरच्या टेबलापाशी पोचताना मी पाहिली. चाकणला आम्ही तोफगोळ्यांची पोलादी कवचं, म्हणजे शेल, काततो. दारू भरायला त्या पुढे दुसरीकडे जातात. सिदूची धाकटी बहीण प्रज्ञा तपासणीच्या टेबलावर असते. दुपारी सुपरवायझर तिच्याजवळ येऊन हळू आवाजात काहीतरी बोलला. तिनं हातातली शेल पूर्ण तपासली, मापाचा गेज जागेवर ठेवला, हातमोजे काढले आणि माझ्या मशीनपाशी येऊन म्हणाली, "माधवदादा, घरी चल. आमचा दादा गेला." सीमेवर लढाई सुरू होऊन तेव्हा आठवडाही झाला नव्हता...

सैन्यात जाण्याआधी सिदू आमच्याच कंपनीत अप्रेंटिस होता, त्याच टेबलावर. मी लातूरहून येऊन नुकताच लागलो होतो. हात बसला नव्हता, तोंड मात्र चालायचं. पहिल्याच आठवड्यात माझ्याहून वयानं लहान असलेल्या या काळेवाडीच्या पोरानं माझा पीस परत पाठवला. नखाला जेमतेम लागेल एवढी रेघ होती. मी भांडायला गेलो, तर त्यानं माझंच बोट धरून त्या रेघेवरून फिरवलं. "भावा, डागताना इथनं तडकली तर पहिला कोण मरणार? आपलाच पोरगा ना?" मी महिनाभर त्याच्याशी बोललो नाही. मग एकदा मी डबा विसरलो, तेव्हा त्यानं काही न विचारता अर्धी भाकरी माझ्यापुढे सरकवली. सोबतचा ठेचा असा होता की माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि हा शांतपणे विचारत होता, "अजून देऊ का?" वर्षभरात मी त्यांच्याच गल्लीत खोली घेतली. त्याच्या आईला मी मावशी म्हणू लागलो.

पुढे तो भरतीत निवडला गेला आणि तोफखान्यात गेला. सुट्टीवर आला तरी खोट काढायची सवय काही जात नव्हती. कुकरची शिट्टी, माझ्या मोटारसायकलची चेन, काहीच त्याच्या बोटातून सुटायचं नाही. एकदा मुलगी पाहायला गेला आणि त्यांच्या दाराची बिजागरी ढिली आहे, असं सांगून आला. तिकडून निरोप आलाच नाही. आम्ही वर्षभर त्याला त्यावरून छळलं आणि तो प्रत्येक वेळी म्हणायचा, "पण बिजागरी ढिली होती, राव." आता तेवीस-चोवीसचं वय, पुढच्या सुट्टीत पुन्हा पाहायला जाणार होता...

पलीकडून आलेल्या तोफगोळ्यानं तो गेला. चौकात फ्लेक्स लागले, त्यावर त्याच्या फोटोपेक्षा हात जोडणाऱ्यांचे फोटो मोठे. त्याचा राग दोन दिवसांत ओसरला. दुसरा ओसरत नाही. तो गोळाही कुणीतरी कातला असणार. त्या माणसालाही शिफ्ट असेल, डबा असेल, घरी म्हातारी असेल. असा विचार केला की मन निवळतं, असं चार शहाणी माणसं मला सांगून गेली. माझं निवळत नाही. त्याचं काम बिनचूक होतं, एवढंच मला दिसतं आणि माझे हात शिवशिवतात. त्याच्या मशीनपाशीही एकदा कुणीतरी अशीच बातमी घेऊन जावं, असं मला वाटतं. हे वाचून कुणाला वाईट वाटलं, तर वाटू दे.

पुण्यानुमोदनाच्या दिवशी भंतेजी क्षमेवर बोलले. मावशी पांढऱ्या साडीत, हात जोडून, मान न हलवता ऐकत होती. माणसं पांगल्यावर तिनं मला स्वयंपाकघरात बोलावलं. "माधव, तू गोळंच बनवतोस न्हवं? एक माझ्या सिदूच्या नावाचा जाऊ दे." मी हो म्हणालो. खरं सांगायचं तर ती बोलण्याआधीच माझ्या मनात तेच होतं.

पुढच्या आठवड्यात मी एक शेल कातून झाल्यावर टोकदार हत्यारानं तिच्यावर 'सिदू' असं कोरलं. कळत नव्हतं असं नाही. इतक्या वर्षांत हात चांगला बसला होता, रेघेचा अर्थही पाठ होता. पण दिलेला शब्द आणि डोक्यातली आग यांपुढे मला काही सुचेना. प्रज्ञा कामावर परतली होती आणि तिच्याच हातून ती जाणार होती. भावाचं नाव पाहून ती शेल पुढे जाऊ देईल, असा माझा हिशेब. तिनं अक्षरांवरून बोट फिरवलं, एकदा, दोनदा. मग ब्रश घेऊन शेलवर रिजेक्टचा लाल पट्टा ओढला.

रिजेक्ट शेल चुकून पुढे जाऊ नये म्हणून ती त्याच दिवशी कापून टाकावी लागते. प्रज्ञा ट्रॉली ढकलत माझ्याकडे आली. "माधवदादा, तूच काप."

"मावशीला शब्द दिलाय गं मी."

"आणि ज्याच्या तोफेत ही फुटेल, त्याच्या आईला काय सांगायचं?"

मी शेल करवतीखाली लावली. पातं नावाच्या बरोबर मधून गेलं. प्रज्ञा शेवटपर्यंत शेजारी उभी होती. दोन तुकडे खाली पडल्यावर ती रडली आणि मीही रडलो, सगळ्या कामगारांसमोर.

संध्याकाळी मावशीकडे गेलो, तेव्हा ती मेथी निवडत होती. मी काही न लपवता सगळं सांगितलं. बराच वेळ ती पानं खुडत राहिली. आता ही म्हणेल, जाऊ दे बाबा, असं मला वाटलं आणि मी घाबरलो, कारण तिनं सोडून दिलं असतं तर या रागात मी एकटा पडलो असतो...

"बराबर केलं पोरीनं," ती म्हणाली. "नाव नगं टाकू. त्यास्नी वाचाया येळ कुठं मिळणार हाय? पर एकबी वाया जाऊ देऊ नगंस."

तेव्हापासून माझ्या मशीनवरून निघालेली एकही शेल प्रज्ञानं परत पाठवलेली नाही.