लाल दिव्यावरचे कुंकू

खंडेनवमी, दुपारपूर्वी : माझ्या गाडीच्या मीटरच्या काचेवर ओले कुंकू लावण्यात आले. जबाबदार : ज्याचा हात, तो. त्याचा हुद्दा पुढे येईल.

त्याच दिवशी, दुपारनंतर : इंजिनातले जुने तेल काढून नवे भरताना खालचा बोल्ट पुरता आवळण्यात आला नाही. जबाबदार : कुडाळच्या औद्योगिक वसाहतीतील ते सेवाकेंद्र, जिथे माझी गाडी विकत घेतल्यापासून जाते.

दिवाळीआधीचा मंगळवार : इंजिन भर रस्त्यात खडखडले. जबाबदार : वरील दोघे.

त्याच आठवड्यातील शनिवार : केंद्राच्या कामाच्या पत्रकावर 'चालकाने लाल इशाऱ्याकडे दुर्लक्ष केले' असे पाच शब्द लिहिण्यात आले. जबाबदार : केंद्राचे व्यवस्थापक.

भाऊबीजेनंतरचा दिवस : गाडीच्या दोन्ही चाव्या मुंबईला नेण्यात आल्या. जबाबदार : माझा मुलगा.

खंडेनवमीपासून त्या मंगळवारपर्यंत, रोज : ते कुंकू पुसण्यात आले नाही. जबाबदार : मी.

मी आयुष्यभर न्यायालयात कारकुनी केली. ज्या तक्रारदाराच्या यादीत त्याचे स्वतःचे नाव कुठेच नसते, त्याच्यावर न्यायाधीश पुरता विश्वास ठेवत नाहीत, हे मी तिथे बसून शिकलो. म्हणून शेवटचे कलम मी आपण होऊन घातले. बाकीच्यांनी आपापले कलम आपण होऊन मान्य केले नाही. ते मान्य करून घ्यावे लागले.

आमचे घर कट्टा गावापासून थोडे आत आहे. उन्हाळ्यात पत्नीच्या उजव्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली. डॉक्टरांनी बजावले होते की गुडघा वाकवण्याचे व्यायाम चुकवायचे नाहीत. चुकले, तर सांधा जिथे अडेल तिथेच राहील. ते व्यायाम करून घेणाऱ्या बाई कुडाळला असतात. एसटी आमच्या वाटेवरून जाते, पण तिची पायरी पत्नीला चढता येत नाही, आणि रिक्षात पाय लांब करता येत नाही. तेव्हा दर मंगळवारी आणि शुक्रवारी मी गाडी काढायची, तिने मागच्या सीटवर आडवा पाय टाकून बसायचे, असा नेम ठरला होता. लोकांच्या घरी गाडी हौसेसाठी असेल. आमच्या घरी ती एका गुडघ्यासाठी होती.

खंडेनवमीला आपल्याकडे कोयती, नांगर, शिवणयंत्र, वाहन अशा सगळ्या हत्यारा-अवजारांची पूजा होते. नेमकी त्याच दिवशी गाडी तेलपाण्यासाठी केंद्रात होती. संध्याकाळी परत मिळाली तेव्हा बॉनेटवर झेंडूचा हार होता आणि मीटरच्या काचेवर, उजव्या खालच्या कोपऱ्यात, अक्षता चिकटलेला कुंकवाचा जाड टिळा होता. खरे सांगायचे तर मला बरे वाटले. यंत्राला हात जोडणारा माणूस यंत्राचे काम मन लावून करत असेल, असा मी निष्कर्ष काढला. पुराव्याविना काढलेला निष्कर्ष तो.

खंडेनवमीचे कुंकू आपण हाताने पुसत नाही. कोयतीवरचे कुंकू कवळाच्या डहाळ्या तोडताना जाते, नांगरावरचे मातीत जाते. कामाने ते आपोआप फिटते. पण बंद गाडीच्या आत मीटरच्या काचेला पाऊस लागत नाही की घाम. तो टिळा वाळून खपलीसारखा घट्ट बसला. मी मात्र दर मंगळवारी आणि शुक्रवारी गाडी सुरू करण्याआधी त्या टिळ्याला बोट लावून ते कपाळाला लावत असे. ज्या जागी मी नमस्कार करत होतो, त्याच जागी, त्याच काचेखाली, इंजिनातल्या तेलाचा लाल दिवा होता.

त्या मंगळवारी आम्ही कुडाळहून परतत होतो. दोन्ही बाजूंना काजूच्या बागा, रस्ता मोकळा.

"अवो, ह्यो खडखड कसलो येता?" पत्नीने मागून विचारले.

"रस्ता खराब आहे," मी म्हणालो.

"खराब रस्तो गेलो मगाशीच. आवाज पुढसून येता. थांबवा बघू."

मी थांबवली आणि इंजिन बंद केले. माझ्या बाजूने नोंदवण्याजोगी एवढीच गोष्ट, आणि तीही तिच्या सांगण्यावरून झाली.

कट्ट्याच्या बाजारात रिक्षा दुरुस्त करणारे माझ्याच वयाचे एक मेस्त्री आहेत. फोन केल्यावर ते स्कूटरवरून आले. त्यांनी इंजिनातली तेल मोजायची पट्टी ओढून काढली, फडक्याने पुसली, पुन्हा आत घालून बाहेर काढली आणि माझ्यासमोर धरली. तिचे टोक कोरडे होते.

"भाऊनू, तेल खंय गेला?"

"खंडेनवमीला नवे घातले आहे. पत्रक आहे माझ्याकडे."

"पत्रक इंजिनात घालतास काय?" असे म्हणत ते गाडीखाली शिरले. खालून आवाज आला, "घातलेला खरा. ऱ्हवाक नाय. हो बोल्ट बोटान फिरता." मग बाहेर येऊन विचारले, "आणि लाल दिवो लागलो तो तुमका दिसूक नाय?"

"लागलाच नाही. मी मीटर रोज पाहतो."

"मीटर बघतास काय कुकू बघतास?"

ते माझ्या जागी बसले आणि इंजिन सुरू न करता चावी अर्धीच फिरवली. मीटरवर लाल, पिवळी चित्रे एकदम उजळली.

"ही हजेरी," ते म्हणाले. "चावी अशी फिरवली काय सगळ्यांनी एकदा तोंड दाखवूक व्हया. गाडी चालू केल्यार एकेक जाता. जो हजेरीक नाय, तो मेलो नायतर लपलो." त्यांनी बोटाने दिवे मोजले आणि टिळ्याशी थांबले. "हय एक कमी आसा."

त्यांनी अंगठा पाण्यात भिजवला, तेव्हा मी नकळत त्यांचा हात धरला. "खंडेनवमीचे आहे ते."

"देव रागावलो तर माझ्यार रागावांदे. तुमचा इंजिन वाचांदे."

अंगठा दोनदा फिरला. कुंकवाखालून तेलाच्या झारीचे लहानसे चित्र वर आले, चोचीतून थेंब पडणारे, लालभडक. लालावर लाल पसरलेले. दिवसाउजेडी कुणाला वेगळे दिसले असते? मागच्या सीटवरून पत्नी म्हणाली, "देवान सांगल्यान हुता. तुमी हात जोडून गप ऱ्हवलास."

मेस्त्र्यांनी जे पाहिले ते सगळे मी तिथल्या तिथे कागदावर लिहून घेतले : पट्टी कोरडी, बोल्ट सैल, दिवा टिळ्याखाली. सही करताना ते म्हणाले, "माका कोर्टात येवचा नाय हां." मी त्यांना सांगितले, कोर्टापर्यंत जाणार नाही. तेव्हा मला वाटत होते, साध्या पत्राचीही गरज पडणार नाही.

गाडी केंद्रात ओढून नेली. वेळेवर थांबवल्यामुळे इंजिन शाबूत निघाले. शनिवारी गाडी परत मिळाली तेव्हा पत्रकावर ते पाच शब्द होते. बोल्टचा उल्लेख नव्हता. मला एक प्रश्नही विचारलेला नव्हता. चोरालासुद्धा आपली बाजू मांडायची संधी देणाऱ्या देशात एका वृद्ध चालकाला ती मिळाली नाही.

दिवाळीला मुलगा मुंबईहून आला आणि त्याने ते पत्रक वाचले. तो वाईट मुलगा नाही, हे मी इथे मुद्दाम लिहितो. तो म्हणाला, "बाबा, लाल दिवा दिसत नसेल तर उद्या माणूसही दिसणार नाही. मागे आई बसलेली असते." मी मेस्त्र्यांचा जबाब पुढे केला. त्याने तो बाजूला ठेवला. "कंपनीच्या माणसाने लिहिलेय ते खरे मानू की रिक्षावाल्या मेस्त्र्याने? माझ्याशी वकिली नको." भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी तो निघाला तेव्हा दोन्ही चाव्या त्याच्या खिशात होत्या, आणि गाडी पडवीबाजूला ताडपत्रीखाली.

त्यानंतर आठवड्यामागून आठवडे पत्नीचे व्यायाम बुडाले. बाई फोनवरून सांगत, पत्नी घरी करून पाही. आधी ती ओसरीच्या पायरीवर पाऊल सहज ठेवत असे. आता दोन्ही हातांनी पाय उचलून ठेवू लागली. ती तक्रार करत नव्हती. मी करत होतो.

पहिले पत्र मी व्यवस्थापकांना पाठवले : बाजू न ऐकता दोष ठरवता येत नाही, सबब ते पाच शब्द रद्द करावेत. उत्तर नाही. दुसऱ्यासोबत मेस्त्र्यांच्या जबाबाची प्रत जोडली. उत्तर आले : 'आपल्या सूचनेची नोंद घेतली आहे.' माझी ती सूचना नव्हती, मागणी होती. तिसरे पत्र केवळ हा फरक समजावण्यासाठी लिहिले.

या काळात गाडीसोबत मिळालेली पुस्तिका मी पहिल्या पानापासून वाचून काढली, जशी ती घेतली त्या दिवशी वाचायला हवी होती. लाल दिवा म्हणजे मनाई हुकूम : सुरक्षित जागी थांबा, इंजिन बंद करा, मग विचार करा. पिवळा म्हणजे नोटीस : गाडी चालेल, पण मुदतीत हजर व्हा. हिरवा आणि निळा केवळ माहितीसाठी. तेलाची पट्टी सपाट जागी, इंजिन थंड असताना पाहायची. इंजिन तापलेले असताना रेडिएटरचे झाकण उघडायचे नाही. चाव्या नसतानाही मी दर रविवारी ताडपत्री दूर करून चाकांवर थाप मारून पाहत असे. पत्नी ओसरीवरून म्हणे, "घोडो पळूक नाय मा?"

देवदिवाळीनंतरच्या सोमवारी मी फाईल काखेत घेऊन एसटीने कुडाळ गाठले.

केंद्रात बाहेर थांबायला सांगितले. बाकावर सात-आठ गिऱ्हाइके बसली होती. समोरच्या भिंतीवर, पिण्याच्या पाण्याच्या यंत्राच्या वर, एक मोठा नवा फोटो चौकटीत लावला होता : अंगणात ओळीने उभ्या गाड्या, हार, नारळ, आणि सर्वांत पुढे दार उघडे असलेली पांढरी गाडी. तिच्यात वाकलेले स्वतः व्यवस्थापक, एका हातात तबक, दुसरा हात स्टिअरिंगच्या पलीकडे. गाडीची नंबरपाटी स्वच्छ वाचता येत होती. ती माझी होती.

मी फाईल बंद केली. तिची आता गरज नव्हती.

व्यवस्थापक बाहेर आले आणि कार्यालयीन मराठीत म्हणाले, "बसा ना काका. तुमची पत्रे मिळाली."

"पत्रांचे राहू द्या," मी म्हणालो. "फोटो सुंदर आला आहे. पूजा तुम्ही स्वतः करता?"

"दरवर्षी. माणसांवर सोपवत नाही." ते खुलले.

"कुंकू कुठे कुठे लावता?"

"बॉनेटला, स्टिअरिंगला आणि मीटरला. मीटर म्हणजे गाडीचे कपाळ."

"प्रत्येक गाडीच्या?"

"त्या दिवशी आवारात असलेल्या प्रत्येक."

मी पत्रक त्यांच्या हाती दिले. "शेवटची ओळ जरा मोठ्याने वाचा. मग फोटोतल्या गाडीचा नंबर वाचा, आणि पत्रकावरचा नंबर वाचा."

त्यांनी मनात वाचले. मोठ्याने वाचले ते बाकावरच्या एका गृहस्थाने, जे उठून माझ्या खांद्यावरून पाहत होते. मग मी मेस्त्र्यांचा जबाब ठेवला आणि काय झाले ते तीन वाक्यांत सांगितले. बाकावरच्या एक बाई उठल्या आणि व्यवस्थापकांना म्हणाल्या, "माझी गाडी पण खंडेनवमीक हयच हुती. बघूया चला."

व्यवस्थापकांची कार्यालयीन मराठी तिथे संपली. "काका, माझा चुकला," ते हळू म्हणाले. "बोल्टाचा पण आमचाच चुकला. पोराबाळांका बोल नको म्हणान लिवलंय."

"तुमच्या माणसांना बोल नको म्हणून तो माझ्या बायकोच्या गुडघ्याला लागला," मी म्हणालो.

त्यांनी ती ओळ खोडली. खाली स्वतःच्या अक्षरात लिहिले की तेलाचा बोल्ट केंद्राकडून सैल राहिला, इशाऱ्याचा दिवा केंद्राने लावलेल्या कुंकवाने झाकला गेला, चालकाने वेळेत गाडी थांबवल्यामुळे इंजिन वाचले. सही केली, शिक्का मारला. आयुष्यात मी हजारो आदेशांवर शिक्के मारले. एकाचाही आवाज मला इतका गोड लागला नव्हता. बाहेर त्या बाईंच्या गाडीत चावी अर्धी फिरवून दिवे मोजायचे काम सुरू झाले होते, आणि मोजणी मी करून दिली. त्यांच्या टिळ्याखाली ब्रेकचा दिवा निघाला.

पत्रकाचा फोटो मी तिथूनच मुलाला पाठवला. संध्याकाळी त्याचा फोन आला. तो म्हणाला, "चुकलो, बाबा. चाव्या आजच्या गाडीने पाठवतो." मुंबईहून येणाऱ्या खाजगी बसच्या चालकाने त्या दुसऱ्या दिवशी सकाळी कट्ट्याच्या थांब्यावर माझ्या हातात दिल्या. तो दिवस मंगळवार होता. मी हवा पाहिली, तेलाची पट्टी पाहिली, दिव्यांची हजेरी घेतली, सगळे हजर होते, आणि पत्नीला मागच्या सीटवर बसवून कुडाळला नेले. गुडघा गमावलेला पल्ला हळूहळू परत मिळवतो आहे. परवा तिने हात न लावता पाऊल ओसरीच्या पायरीवर ठेवले.

मी जिंकलो, पण प्रकरण निकाली निघालेले नाही. फोटोत ओळीने गाड्या उभ्या आहेत. त्यांपैकी दोनच काचा माझ्या डोळ्यांदेखत स्वच्छ झाल्या. उरलेल्या गाड्यांचे मालक आजही त्या टिळ्याला हात जोडून रस्त्यावर उतरत असतील. व्यवस्थापकमहाशय, त्या प्रत्येकाला आपण कळवले आहे काय? कळवले असेल तर कोणत्या दिवशी, आणि नसेल तर का नाही? मला खाजगी पत्र नको. ज्या जिल्ह्यात त्या गाड्या फिरतात, त्याच जिल्ह्यातल्या वर्तमानपत्रात, आपल्या सहीनिशी, याचे उत्तर द्या.